ख्रिस्ती मिशनची मुळं जुन्या करारात खरंच आहेत का?

जुनी_वही

आमच्या बायबल अभ्यास गटात पुढच्या महिन्यात ‘मिशनचा पाया’ या विषयावर मला बोलायचं आहे. सवयीने मत्तय २८ पासून सुरुवात केली : जा, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. टिपण गटातल्या एका वयस्कर काकांना दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, “पौल परराष्ट्रीयांकडे निघाला तेव्हा त्याच्या हातात मत्तय कुठे होतं गं?”

मला उत्तर देता आलं नाही. पौल म्हणजे परराष्ट्रीयांत, यहूदी नसलेल्या लोकांत, सुवार्ता नेणारा पहिल्या पिढीतला प्रेषित. पौलाची पत्रं इसवी सन ५० च्या दशकातली, मत्तय बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यानंतरचं. म्हणजे त्या पहिल्या पिढीकडे शास्त्र होतं ते फक्त हिब्रू शास्त्र, तेही बऱ्याच जणांकडे ग्रीक भाषांतरात.

तेव्हापासून जुना करार पुन्हा वाचतेय. राष्ट्रांविषयी भरपूर सापडतं. स्तोत्र ६७ मध्ये सगळ्या लोकांनी देवाची स्तुती करावी असं आहे, यशया २ मध्ये सगळी राष्ट्रं सियोनेच्या, म्हणजे यरुशलेमच्या डोंगराकडे लोटतात. पण सगळीकडे राष्ट्रं *येतात*. “तुम्ही जा आणि सांगा” असं इस्राएलला कुठे म्हटलंय? की आपण नव्या करारातली गोष्ट मागे नेऊन वाचतो?

धर्मप्रसार चांगला की वाईट हा वाद इथे नको. मजकूर काय म्हणतो ते बोलू या. ज्यू परंपरा माहीत असणाऱ्यांनी तर नक्की लिहा.

पाऊलवाट

ताई, मत्तय २८ च्या आधी उत्पत्ती १२ घ्या. त्याहून बरं म्हणजे उत्पत्ती १० पासून सुरू करा. तिथे नोहाच्या मुलांपासून झालेल्या राष्ट्रांची यादी आहे, परंपरेने ती ७० धरतात. अकराव्या अध्यायात बाबेल : माणसं म्हणतात, चला, आपण नाव मिळवू. आणि पांगतात. बाराव्यात देव एकाच माणसाला, अब्राहामाला, हाक मारून म्हणतो, तुझं नाव मी मोठं करीन, आणि तुझ्याद्वारे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना आशीर्वाद मिळेल.

ही कुळं कोणती? दोन अध्याय आधी यादीत आलेलीच. तिथेही हाच हिब्रू शब्द आहे, मिश्पाहोत. एक माणूस निवडला तो बाकीच्यांना टाकून देण्यासाठी नव्हे, हे इथेच कळतं. पौल गलतीकरांस ३:८ मध्ये याच वचनाला ‘अब्राहामाला आधीच सांगितलेली सुवार्ता’ म्हणतो. काकांच्या प्रश्नाचं उत्तर पौलानेच देऊन ठेवलंय.

एकतारी

+१. वाचनखूण साठवली.

तळटीप

पाऊलवाट, दिशा पटते, पण हे वचन तुम्ही म्हणता इतकं सरळ नाही. हे वचन उत्पत्तीत पाच वेळा येतं. १२:३, १८:१८ आणि २८:१४ मध्ये क्रियापदाचं एक रूप आहे, २२:१८ आणि २६:४ मध्ये दुसरं. पहिल्या रूपाचा अर्थ ‘आशीर्वादित होतील’ असा लावता येतो. दुसऱ्याचा सरळ अर्थ ‘तुझं नाव घेऊन स्वतःला किंवा एकमेकांना आशीर्वाद देतील’ असा होतो.

अकराव्या शतकातला मोठा भाष्यकार राशी १२:३ चाही अर्थ असाच लावतो : बाप मुलाला म्हणेल, ‘अब्राहामासारखा हो.’ त्यासाठी तो उत्पत्ती ४८:२० चा दाखला देतो, तिथे एफ्राईम आणि मनश्शे यांचं नाव घेऊन आशीर्वाद द्यायची रीत सांगितली आहे. या वाचनात अब्राहामाला कुणाकडे जावं लागत नाही. तो नीट जगला की लोक आपोआप त्याचं उदाहरण देतात.

ग्रीक भाषांतराने सगळीकडे कर्मणी रूप घेतलं : आशीर्वादित होतील. पौल ग्रीक वाचत होता. म्हणजे मिशनचं एक मूळ हिब्रूत आहे आणि एक भाषांतरात.

जुनी_वही

तळटीप, हे मला अजिबात माहीत नव्हतं. पण खरं सांगू का, राशीचा अर्थ वाचून माझा विश्वास डळमळला नाही, उलट तो अर्थ आवडला. अनुवाद नावाच्या पुस्तकात, ४:६ मध्येही तेच आहे ना? राष्ट्रं तुमचे नियम पाहतील आणि म्हणतील, हे लोक शहाणे आहेत. आधी पाहतील, मग बोलतील.

उंबरठा

धागा वाचतोय, पण एक गोष्ट कुणीतरी बोललीच पाहिजे. तुम्ही सगळे गोड वचनं वेचताय. अनुवाद ७ मध्ये कनानातल्या सात राष्ट्रांचा पूर्ण नाश करायला सांगितलंय. एज्रा ९ आणि १० मध्ये परक्या बायकांना मुलांसकट घालवून दिलं जातं. आणि तुमच्या आवडत्या यशयातच ४९:२३ मध्ये राजे तोंड खाली घालून धूळ चाटतात, ६०:१२ मध्ये जे राष्ट्र सेवा करणार नाही ते नष्ट होईल असं आहे. राष्ट्रं सियोनेकडे लोटतात खरी, पण काही ठिकाणी पाहुणे म्हणून आणि काही ठिकाणी बेड्या घालून (४५:१४ पाहा).

मी श्रद्धाळू घरात वाढलो. ही वचनं मला लहानपणी कुणी वाचून दाखवली नाहीत. मोठेपणी एकट्याने वाचली तेव्हा फसवलं गेल्यासारखं वाटलं. म्हणून विनंती, ताई, गटात बोलाल तेव्हा हीही वाचा.

जुनी_वही

वाचेन. शब्द देते.

निळाई

उंबरठा, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण त्याच शास्त्रात या वचनांशी भांडणारी पुस्तकंही ठेवली आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. अनुवाद २३ म्हणतो, मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, दहाव्या पिढीपर्यंत नाही. आणि रूथ मवाबी आहे. पुस्तकभर तिला ‘मवाबी रूथ’ म्हणत राहतात, वाचकाने विसरू नये म्हणूनच जणू. शेवटी वंशावळ येते आणि ती दावीद राजाची पणजी निघते.

आणि योना! त्या पुस्तकात वारा देवाचं ऐकतो, समुद्र ऐकतो, मासा ऐकतो, झाड ऐकतं, किडा ऐकतो, निनवेचा राजा ऐकतो, गुरांनासुद्धा गोणपाट नेसवतात. न ऐकणारा एकच, संदेष्टा. माझ्या मुलीला ही गोष्ट सांगताना ती प्रत्येक वेळी गुरांपाशी खो खो हसते. पण त्या हसण्यातच पुस्तकाचा गाभा आहे. “जा” अशी आज्ञा हवी होती ना ताई? ऊठ, त्या मोठ्या शहराला, निनवेला जा. योना १:२. निनवे म्हणजे शत्रू अश्शूरचं शहर. परराष्ट्रीयांकडे पाठवलेला माणूस हवा असेल तर हा घ्या.

शिंपला

योनाला पहिला मिशनरी म्हणायची पद्धत आहे, पण मला ते पटत नाही. तो काय सांगतो ते पाहा. हिब्रूत जेमतेम पाच शब्द : अजून ४० दिवस, मग निनवे उलथून पडेल. देव कोण, करार काय, नियमशास्त्र काय, काहीही नाही. निनवेकर हिंसा सोडतात, देव अनर्थ टाळतो, गोष्ट संपते. कुणाची सुंता नाही, कुणी यरुशलेमला येत नाही, मूर्ती फोडल्याचाही उल्लेख नाही. याला पश्चात्ताप म्हणा, धर्मांतर म्हणू नका.

निळाई

मान्य. पण पहिल्या अध्यायातले खलाशी? सुरुवातीला जो तो आपापल्या देवाला हाक मारतो, शेवटी ते परमेश्वराचं नाव घेऊन यज्ञ करतात, नवस बोलतात. आणि तेही पळून चाललेल्या संदेष्ट्यामुळे! त्याने त्यांच्यासाठी धड काही केलंही नव्हतं.

परसबाग

ताईंनी ज्यू परंपरेबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. बरीच वर्षं एका ज्यू सहकारिणीबरोबर काम केलं, तिच्याकडून जे ऐकलं आणि नंतर वाचलं ते असं.

योनाचं पुस्तक सभास्थानात योम किप्पूरच्या, प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी दुपारी संपूर्ण वाचतात, म्हणजे वर्षातला सगळ्यात गंभीर दिवस. पण तिथे निनवे म्हणजे ‘ते’ नव्हेत, निनवे म्हणजे आपण. एवढं दुष्ट शहर वळू शकतं तर तूही वळ. ती मला म्हणाली होती, “तुम्ही लोक हे पुस्तक वाचून दुसऱ्याला सुधारायला निघता, आम्ही उपाशीपोटी स्वतःकडे बघतो.” रागाने नव्हती म्हणाली, पण मी ते विसरलेले नाही.

दुसरी गोष्ट. रब्बींच्या परंपरेत इतरांनी ज्यू व्हायलाच हवं असं नाही. नोहाच्या वंशाला, म्हणजे सगळ्या माणसांना, सात आज्ञा आहेत. त्या पाळणारा नीतिमान माणूस येणाऱ्या जगाचा वाटेकरी होतो. उलट कुणी ज्यू व्हायला आलं तर आधी परतवतात. सासू नामी रूथला परत जा, परत जा म्हणते, त्यातून ही रीत दाखवतात. त्यामुळे ‘राष्ट्रांना प्रकाश’ (यशया ४२:६, ४९:६) या शब्दांचा अर्थ तिथे दिव्यासारखा घेतात. दिवा जागेवर असतो, ज्याला हवं तो उजेडात येतो.

रात्रपाळी

दिव्यावरून नामान आठवला. २ राजे ५. अरामाचा सेनापती, कोडाने ग्रासलेला. त्याला अलीशा संदेष्ट्याची खबर कोण देतं? त्याच्याच सैन्याने पळवून आणलेली एक लहान इस्राएली मुलगी, त्याच्या बायकोची दासी. बायबलने तिचं नावही ठेवलेलं नाही. ज्यांनी तिचं घर मोडलं त्यांच्याच धन्याचं भलं व्हावं असं तिला वाटतं.

मी परक्या देशात दुसऱ्यांच्या घरात आजारी माणसांची सेवा करण्याचं काम केलं आहे. पहिल्या घरात मला नावाने कुणी हाक मारत नसे. त्या काळात हा अध्याय मी इतक्यांदा वाचला की पान सुटं झालं. मिशन हा शब्द मोठा वाटतो, मला ती मुलगीच दिसते.

आणि शेवट बघा. नामान बरा होतो, दोन खेचरांच्या ओझ्याएवढी माती मागून नेतो आणि चाचरत विचारतो, राजाबरोबर रिम्मोनाच्या देवळात मला वाकावं लागेल, त्याची क्षमा होईल ना? अलीशा एवढंच म्हणतो, शांतीने जा.

शिंपला

रात्रपाळी, तुमच्या या प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला.

लूक ४ मध्ये येशू नासरेथच्या सभास्थानात हाच नामान आणि सारफथची विधवा या दोन परराष्ट्रीयांची आठवण करून देतो, आणि लोक एवढे भडकतात की त्याला कड्यावरून ढकलायला नेतात. म्हणजे ही कथा त्या काळीही झोंबत होती.

पाऊलवाट

परसबाग, ज्यू परंपरेत कधीच प्रसार नव्हता असं मात्र म्हणता येणार नाही. यहूदी इतिहासकार जोसेफस आदियाबेनेच्या राजघराण्याची हकीकत देतो. पहिलं शतक, प्राचीन अश्शूरच्या भूमीतलं राज्य. राणी हेलेना आणि राजपुत्र इझातेस दोघंही यहूदी धर्माकडे वळले. इझातेसला शिकवणारा हनन्या नावाचा एक व्यापारी होता. तो म्हणाला, सुंतेशिवायही देवाची भक्ती करता येईल. मग गालीलाहून एलाजार नावाचा कडक माणूस आला, तो म्हणाला, नियमशास्त्र नुसतं वाचू नकोस, पाळ. पुढे यरुशलेमेत दुष्काळ पडला तेव्हा हेलेनाने धान्य विकत घेऊन पाठवलं. निनवेच्या मुलखातली राणी यरुशलेमेला अन्न पाठवते! योनाच्या पुस्तकाला याहून सुंदर उत्तर मला माहीत नाही.

सुंता हवी की नको हा वादही पौल आणि गलतीकरांच्या वादासारखाच. आणि सभास्थानांच्या भोवती ‘देवाचं भय बाळगणारे’ परराष्ट्रीय होतेच. प्रेषितांची कृत्ये १० मधला रोमी अधिकारी कर्नेल्य त्यांच्यातलाच. सुवार्ता आधी अशाच लोकांत पसरली. जमीन नांगरलेली होती.

उंबरठा

आदियाबेनेबरोबर जोसेफसचंच दुसरं पानही वाचा. यहूदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अदोमी लोकांना जिंकलं आणि सांगितलं, सुंता करा, तरच आपल्या देशात राहता येईल.

आणि ख्रिस्ती बाजू. पुढे भारतात आलेले इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांनी मे १७९२ मध्ये नॉटिंगहॅमला प्रवचन दिलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. प्रवचनाचं वचन जुन्या करारातलं, यशया ५४:२-३ : तुझ्या डेऱ्याची जागा वाढव, दोऱ्या लांब कर. पण तिसऱ्या ओवीत पुढे काय आहे? तुझी संतती राष्ट्रांचा *ताबा घेईल*. मूळ वचन बाबेलच्या बंदिवासाने उजाड झालेल्या सियोनेला धीर देणारं. घर मोडलेल्या बाईला सांगितलंय की तुझी मुलं परत येतील, तंबू मोठा कर. तेच शब्द राज्यकर्त्यांच्या देशातून आलेल्या माणसाच्या तोंडी वेगळे ऐकू येतात. कॅरी यांच्या हेतूबद्दल मी बोलत नाहीये. शब्द कुणाच्या हाती जातो यावर त्याचं वजन बदलतं एवढंच.

तळटीप

उंबरठा, तुम्ही ‘ताबा’ हा शब्द काढलात, आणि अदोमसुद्धा. आता प्रेषितांची कृत्ये १५ उघडा, कारण ही सगळी चर्चा तिथे दोन शब्दांवर येऊन थांबते.

यरुशलेमची सभा, साधारण इसवी सन ४९. प्रश्न : परराष्ट्रीयांना सुंतेशिवाय घ्यायचं का? पेत्र अनुभव सांगतो, पौल आणि बर्णबा सांगतात. मग तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब उठतो आणि शास्त्र काढतो. कुठलं? आमोस ९:११-१२. आपल्या हिब्रू पाठात तिथे आहे : दावीदाचा पडलेला मंडप मी उभारीन, म्हणजे ते *अदोमाच्या* उरलेल्यांचा *ताबा घेतील*. ग्रीक पाठात आहे : म्हणजे उरलेली *माणसं* परमेश्वराला *शोधतील*.

‘अदोम’ आणि ‘आदाम’ म्हणजे माणूस, जवळजवळ सारखीच अक्षरं. ‘यीर्शू’ ताबा घेतील, ‘यिद्रशू’ शोधतील, एका अक्षराचा फरक. भाषांतरकाराने चुकून वाचलं, की त्याच्यापुढे वेगळी प्रत होती, यावर वाद आहे. पण मंडळीने परराष्ट्रीयांसाठी दार उघडलं ते ‘शोधतील’ या वाचनावर. त्यांनी ताबा घ्यायचं वचन निवडलं नाही.

निळाई

अंगावर काटा आला.

आणि त्याच अध्यायात पाच ओव्या आधी, आमोस ९:७! देव इस्राएलला विचारतो, तुम्ही मला कूशी लोकांसारखेच नाही का? तुम्हाला मिसरातून (इजिप्तमधून) आणलं, तसं पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अराम्यांना कीरहून मीच आणलं ना? म्हणजे शत्रूंचाही एक ‘निर्गम’ आहे. यशया १९ च्या शेवटी तर मिसरला ‘माझे लोक’ म्हटलंय, अश्शूरला ‘माझ्या हातची कृती’.

तळटीप

हो, आणि ते इतकं धाडसी होतं की यशयाच्या ग्रीक भाषांतरात वाक्य बदललं : *मिसरातले* माझे लोक, म्हणजे तिथे राहणारे यहूदी. आमोसात भाषांतराने दार उघडलं, यशयात लोटून घेतलं. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

एकतारी

मी नुसतं वाचणार होतो, पण एक विचारतो. पुस्तकांच्या क्रमाने काही फरक पडतो का? आपला जुना करार मलाखीने संपतो. हिब्रू शास्त्राचा शेवट वेगळा आहे असं ऐकलंय.

पाऊलवाट

चांगला प्रश्न. हिब्रू क्रमात सहसा इतिहासाचं दुसरं पुस्तक शेवटी येतं. शेवटचे शब्द पारसाच्या कोरेश राजाने बंदिवासातल्या यहूद्यांसाठी काढलेल्या फर्मानाचे : त्याच्या लोकांपैकी जो कुणी असेल, त्याच्याबरोबर देव असो, त्याने *वर जावं*. म्हणजे यरुशलेमेकडे, घरी. मत्तयाचा शेवट उलट दिशेचा, डोंगरावरून बाहेर, सर्व राष्ट्रांकडे. दोन्हीकडे सगळी सत्ता हाती आलेला बोलतो आणि लोकांना चालायला लावतो. एक घरी बोलावतो, दुसरा घराबाहेर पाठवतो.

जुनी_वही

दोन दिवस इथे फिरकता आलं नाही. तोवर यशया शेवटपर्यंत वाचलं आणि ६६:१८-२१ पाशी थांबले. हे कुणी कसं काढलं नाही?

तिथे देव म्हणतो, मी सर्व राष्ट्रांना एकत्र करीन. मग : त्यांच्यातल्या वाचलेल्यांना मी राष्ट्रांकडे *पाठवीन*, तार्शीश, लूद, तुबाल, यावान, दूरदूरच्या बेटांकडे. ज्यांनी माझी कीर्ती ऐकलेली नाही, माझं वैभव पाहिलेलं नाही. ते राष्ट्रांत माझं वैभव सांगतील. आणि पुढे : त्यांच्यातूनही काहींना मी याजक आणि लेवी म्हणून घेईन.

हिब्रूत इथे ‘शालाह’ आहे, पाठवणे. मराठीत आपण प्रेषित म्हणतो त्यातही तेच. मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं की सगळीकडे राष्ट्रं येतातच. ते चुकलं. यशयाच्या अगदी शेवटच्या पानावर कुणीतरी जातं. आणि जाणारे कोण? ‘वाचलेले’, जीव वाचवून उरलेले. उंबरठा, विजेते नव्हेत.

तळटीप, ‘त्यांच्यातून’ म्हणजे कुणातून? परराष्ट्रीय याजक होणार असा अर्थ आहे का?

तळटीप

दोन्ही वाचनं आहेत. काहींच्या मते राष्ट्रांतून परत आणलेल्या यहूद्यांतून, काहींच्या मते खुद्द राष्ट्रांतून. व्याकरणाने निकाल लागत नाही.

पण काकांना हे नक्की सांगा. रोमकरांस १५ मध्ये पौल आपल्या कामाला याजकाचं काम म्हणतो आणि परराष्ट्रीयांना अर्पण म्हणतो. यशया ६६:२० मध्ये राष्ट्रं इस्राएलच्या पांगलेल्या भावांना अर्पण म्हणून आणतात. पौलाने ते उलटं केलं असं काही अभ्यासकांना वाटतं. त्याच अध्यायात तो चार वचनं एकापाठोपाठ ठेवतो, नियमशास्त्र, संदेष्टे, स्तोत्रं तिन्हींमधून, आणि लगेच म्हणतो, मला स्पेनला जायचंय. तार्शीश म्हणजे स्पेन असं बरेच जण धरतात.

परसबाग

यशया ६६ सभास्थानातही वाचतात, शब्बाथ आणि नवचंद्र एकाच दिवशी आले की. शेवटची ओवी भयंकर आहे, प्रेतं आणि न विझणारी आग. म्हणून ती वाचून झाल्यावर तिच्या आधीची ओवी पुन्हा वाचतात : सर्व देहधारी माझ्यापुढे नमन करायला येतील. वाचन शापावर संपू नये म्हणून.

उंबरठा

हे माहीत नव्हतं. भयंकर ओवी वगळत नाहीत, वाचतात, आणि मग मागे येतात. लहानपणी आम्हाला कुणी असं वाचून दाखवायला हवं होतं.

जुनी_वही

काल काकांना भेटून आले. मत्तय २८ टिपणात आहे, पण आता शेवटच्या पानावर. सुरुवात नामानाच्या घरातल्या मुलीपासून, मग अनुवाद ७ आणि यशया ६० मोठ्याने, काही न गाळता, मग आमोसातले ते दोन शब्द, मग यशया ६६. परसबाग, तुमच्या सहकारिणीचं वाक्यही सांगू का? नाव घेणार नाही.

काकांनी टिपण परत दिलं आणि विचारलं, “७० राष्ट्रं मोजलीस का स्वतः?” आज बसून मोजणार आहे.

परसबाग

सांगा की.

तळटीप

मोजताना हिब्रू पाठच घ्या. ग्रीक भाषांतरात काही नावं जास्त आहेत, तिथे संख्या ७२ धरतात. लूक १० मध्ये येशू ज्या शिष्यांना दोघे-दोघे करून पुढे पाठवतो, त्यांची संख्याही काही हस्तलिखितांत ७० आहे आणि काहींत ७२.